पाय नसलेली पेशी चालते कशी?

सुरूबन | सोमवार, रात्री ९.१०

गेले पाच आठवडे रोज संध्याकाळी बाबांच्या पायाची पट्टी बदलते आहे. मांद्र्याच्या किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं) ओढताना टाचेच्या वर शिंपल्याची धार लागली. बाबा सत्तरीच्या घरात, मधुमेह जुना, त्यामुळे जखम फार सावकाश भरते. परवा इस्पितळातल्या सिस्टर म्हणाल्या, "कडेला हा पातळ गुलाबी पदर दिसतो ना, तिथून कातडीच्या पेशी आत चालत येताहेत. त्यांची वाट कोरडी पडू देऊ नका."

"चालत येताहेत" हे शब्द तेव्हापासून डोक्यातून जात नाहीत. मी कॉमर्सची. दहावीनंतर जीवशास्त्राशी संबंध नाही. माझ्या लेखी पेशी म्हणजे वहीत काढलेलं वर्तुळ आणि मधोमध ठिपका. तिला पाय नाहीत, आणि हालचाल करवणारे स्नायू तर स्वतःच पेशींचे बनलेले. मग पेशी चालते म्हणजे नेमकं काय करते? मला वाटायचं की नवीन पेशी तयार होतात, गर्दी वाढते आणि मागच्या पुढच्यांना ढकलतात. इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. थोडं सविस्तर सांगितलंत तर बरं, बाबांनाही वाचून दाखवायचं आहे.

खडूफळा | सोमवार, रात्री १०.०२

ताई, दोन्ही गोष्टी होतात, पण क्रम लक्षात घ्या. कातडी फाटली की कडेच्या पेशी काही तासांतच जागा सोडायच्या तयारीला लागतात. मागच्या रांगांतल्या पेशी विभागून संख्या वाढवतात ते बहुतेक त्यानंतर. पुढची पेशी स्वतःच्या बळावर सरकते, आणि शेजारणीचा हात न सोडता. म्हणून तुम्हाला सुटे ठिपके दिसत नाहीत, सलग पदर दिसतो.

वहीतल्या वर्तुळाचा दोष आम्हा शिक्षकांचा. काचेवर पसरलेली पेशी तव्यावर फोडलेल्या अंड्यासारखी असते: मध्ये फुगीर, कडेला अगदी पातळ. ती पातळ कड पुढे येते, खालच्या जमिनीला चिकटते, मग मधलं अंग पुढे ओढलं जातं आणि शेवटी मागची बाजू सुटते. हा क्रम इंग्लंडमधल्या मायकेल अबरक्रॉम्बी यांनी पेशींचे चलच्चित्रपट काढून उलगडला. त्यांनी आणि जोन हेझमन यांनी 1953 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली होती. कोंबडीच्या गर्भाच्या हृदयातल्या तंतुजनक पेशी (कोलॅजनसारखे धागे तयार करणाऱ्या, फायब्रोब्लास्ट) चालता चालता एकमेकींना भिडल्या की त्या दिशेचं चालणं थांबवतात. मला हे वर्गात सांगायला फार आवडतं, कारण जखमेच्या दोन कडा भेटल्यावर पेशी एकमेकींवर चढत का नाहीत, असं मुलं हटकून विचारतात.

आतली यंत्रणा कुळागर सांगतील. त्यांचा तो विषय आहे.

कुळागर | मंगळवार, सकाळी ६.४५

नमस्कार. सहा वर्षं प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली सरकणाऱ्या पेशी बघण्यात गेली, आता फोंड्याला घरची सुपारी बघतो. तुम्ही रापणीचं नाव काढलंत आणि माझं काम सोपं झालं.

पेशीच्या आत सांगाडा असतो, त्याला पेशीकंकाल म्हणतात. नाव ऐकून हाडं डोळ्यांसमोर येतात, पण हाडं वर्षानुवर्षं तीच राहतात आणि हा सांगाडा दर मिनिटाला मोडून पुन्हा बांधला जातो. त्यात तीन जातींचे धागे. सर्वांत बारीक ॲक्टिनचे, जाडी सुमारे 7 नॅनोमीटर. मधले, सुमारे 10 नॅनोमीटरचे. आपल्या कातडीत ते केराटिनचे असतात आणि ताण सोसायचं काम करतात. सर्वांत जाड म्हणजे सूक्ष्मनलिका, 25 नॅनोमीटरच्या पोकळ नळ्या. चालण्याचं मुख्य काम ॲक्टिनकडे. हे प्रथिन हंगेरीत सेगेद इथे, सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत श्ट्राउब यांनी 1942 मध्ये स्नायूंतून वेगळं केलं. सुरुवातीला ते स्नायूंचं प्रथिन म्हणूनच ओळखलं गेलं. पुढे ते जवळपास प्रत्येक पेशीत सापडत गेलं.

आता किनाऱ्यावर या. रापणीचा दोर ओढणाऱ्या माणसांची ओळ आठवा. पाण्याच्या टोकाला एक जण दोर धरतो आणि मागे मागे सरत ओढू लागतो. त्याच्यापुढे, पाण्याच्या बाजूला, दुसरा येऊन धरतो. ओळीतला प्रत्येक माणूस हळूहळू जमिनीकडे सरकतो, सर्वांत मागचा दोर सोडून बाहेर पडतो आणि चालत पुन्हा पाण्याशी येऊन धरतो. दुरून बघणाऱ्याला ओळ जागच्या जागी दिसते. माणसं मात्र तिच्यातून सतत वाहत असतात.

ॲक्टिनचा धागा असाच असतो. पुढच्या टोकाला, म्हणजे पेशीच्या आवरणाकडे, ॲक्टिनचे नवे मणी जोडले जातात आणि मागच्या टोकाचे गळतात. प्रत्येक मणी धाग्यात शिरताना एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) घेऊन येतो. धाग्यात बसल्यावर काही वेळाने ते एटीपी खर्ची पडतं आणि मण्याची पकड सैल होते. म्हणून पुढचे मणी ताजे आणि घट्ट, मागचे थकलेले आणि सुटायच्या बेतात. धाग्याला दिशा मिळते ती यामुळे.

एक फरक इथेच सांगून ठेवतो. रापणकार दोर आपल्याकडे ओढतात, पण ॲक्टिनची वाढती टोकं आवरणाला बाहेर ढकलतात. आवरण सतत थरथरत असतं. ते क्षणभर बाहेर झुकलं की फट पडते, त्या फटीत एक मणी जाऊन बसतो आणि आवरणाला मागे यायला जागा उरत नाही. एका मण्याने धागा वाढतो फक्त 2.7 नॅनोमीटर. पण धागे असंख्य, आणि ते एकेकटे नसतात. एआरपी 2/3 नावाचं सात प्रथिनांचं गाठोडं जुन्या धाग्याच्या कुशीवर बसून सुमारे 70 अंशांत नवी फांदी काढतं. फांदीला फांदी फुटत पातळ पदरात दाट झुडूप तयार होतं, आणि ते झुडूप आवरण पुढे रेटतं.

दर्यादेग | मंगळवार, दुपारी १.२०

कुळागर दादा, वाचून अंगावर काटा आला. आमच्या घरी तीन पिढ्या रापण. पण दोन गोष्टी राहिल्या.

एक, मागचा माणूस दोर सोडून मोकळा येत नाही. मागे आलेला दोर गुंडाळून नीट वेटोळं घालावं लागतं, नाहीतर गुंता होतो आणि पुढच्या खेपेला दोर मिळत नाही. पेशीत हे कोण करतं?

दुसरी गोष्ट पायांची. ओढण्याची ताकद दंडांत असते असं बघणाऱ्यांना वाटतं. पाय वाळूत रुतले नाहीत तर दंड काही कामाचे नाहीत. वरच्या कोरड्या भुसभुशीत रेतीत टाच टिकत नाही, दोर ओढायला जावं तर आपणच पाण्याकडे घसरतो. ओल्या घट्ट रेतीत टाच बसते. पेशीची टाच कुठे असते?

कुळागर | मंगळवार, रात्री ८.३०

दोन्ही प्रश्न मुळावरचे आहेत. मी वर्षभर जे शिकलो ते तुम्ही चार ओळींत विचारलंत.

आधी वेटोळं. मागचा थकलेला धागा कॉफिलिन नावाचं प्रथिन तोडतं. सुटलेल्या मण्याला प्रोफिलिन गाठतं, त्याचं एडीपी (एटीपी खर्ची पडल्यावर उरतं ते) निघून नवं एटीपी बसायला मदत करतं आणि ताजा मणी पुढच्या टोकाला पोचता होतो. हे काम थांबलं तर पुढे जोडायला मणी उरत नाहीत आणि पदर खुंटतो. म्हणजे मागची मोड ही पुढच्या वाढीची रसद आहे.

आता टाच. पेशीच्या आवरणातून आरपार जाणारी इंटिग्रिन नावाची प्रथिनं असतात. त्यांचं एक टोक बाहेर, ते कोलॅजन, फायब्रोनेक्टिन अशा बाहेरच्या धाग्यांना धरतं. दुसरं टोक आत. आतलं आणि बाहेरचं एकत्र जोडणारं म्हणून 1986 मध्ये हे नाव दिलं गेलं. माणसात अशा 24 जोड्या आहेत आणि प्रत्येकीची धरायची वस्तू थोडी वेगळी. रिचर्ड हाइन्स, एर्की रुओस्लाहटी आणि टिमथी स्प्रिंगर यांना या कामासाठी 2022 चा लास्कर पुरस्कार मिळाला.

पण इंटिग्रिन थेट ॲक्टिनला हात लावत नाही. मध्ये टॅलिन असतं, लांबट प्रथिन, एका टोकाने इंटिग्रिनला आणि दुसऱ्या बाजूने ॲक्टिनला धरणारं. याची गंमत अशी की ते ओढलं गेलं की त्याच्या घड्या उलगडतात. घडीच्या आत लपलेल्या जागा उघड्या पडतात आणि तिथे विन्क्युलिन येऊन बसतं, ते आणखी ॲक्टिन बांधून घेतं. म्हणजे जितकी ओढ तितका सांधा मजबूत. एकेक टॅलिन रेणू ओढून 2009 मध्ये हे दाखवलं गेलं. अशा शेकडो प्रथिनांची दाट ठिकाणं पेशीच्या तळाशी असतात, त्यांना मी चिकटस्थळं म्हणेन. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ती काळसर डागांसारखी दिसतात.

दर्यादेग, तुमचं घसरणं पेशीतही तसंच घडतं. ॲक्टिनचं झुडूप पुढे वाढतं, पण आवरणाच्या दाबाने आणि मायोसिनच्या (ॲक्टिनचे धागे ओढणारं प्रथिन) ओढीने ते मागेही वाहत असतं. चिकटस्थळांनी त्याला धरलं नसेल तर जितकं पुढे वाढलं तितकं मागे गेलं, पेशी जागेवरच. धरलं की मागचं वाहणं मंदावतं, वाढ पुढे दिसू लागते आणि मायोसिनची ओढ जमिनीवर पडून अंग पुढे येतं. मिचिसन आणि कर्शनर यांनी 1988 मध्ये याला गाडीच्या क्लचची उपमा दिली. इंजिन फिरतंच आहे, क्लच लागला तर चाक फिरणार.

आणि मग टाच उचलावीही लागते. हा भाग मला सगळ्यांत सुंदर वाटतो. 1997 मध्ये एका प्रयोगात पेशी जमिनीला किती घट्ट चिकटतात ते तीन तऱ्हांनी बदलून बघितलं: जमिनीवरचं प्रथिन कमीजास्त केलं, पेशीवरची इंटिग्रिनं कमीजास्त केली, इंटिग्रिनची पकड कमीजास्त केली. प्रत्येक वेळी उत्तर एकच आलं. फार सैल, तर चाल नाही. फार घट्ट, तरी चाल नाही. सर्वांत जास्त वेग मधल्या पकडीला. खडकावरच्या शिनाण्यो (खडकाला चिकटणारे शिंपले) आठवा, त्यांची पकड इतकी पक्की की काढायला सुरी लागते, आणि त्या बहुतेक जागच्या हलतच नाहीत. चालणाऱ्या पेशीच्या मागच्या बाजूला कॅल्पेन नावाचं विकर टॅलिन कापतं, तेव्हा शेपटी सुटते.

पांढरी_पट्टी | बुधवार, पहाटे ५.५०

रात्रपाळी संपवून हे लिहिते आहे. कुळागरांनी लिहिलेली "पकड" नसली तर काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलं आहे, म्हणून झोपण्याआधी लिहावंसं वाटलं.

बऱ्याच वर्षांपूर्वी नवजात विभागात होते तेव्हाची गोष्ट. बाळाच्या नाळेचा देठ साधारण एक-दोन आठवड्यांत गळतो. एका बाळाचा महिना उलटला तरी गळला नव्हता. बेंबीभोवती लाली, ताप. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी प्रचंड वाढलेल्या, आणि जखमेत पू म्हणून नाही. आम्ही सगळ्या बुचकळ्यात, कारण पू म्हणजे पांढऱ्या पेशीच. रक्तात इतक्या आहेत तर जखमेत का नाहीत? नंतर निदान झालं. त्या बाळाच्या पांढऱ्या पेशींवर बीटा-2 जातीचं इंटिग्रिन जन्मतः नव्हतं. पेशी रक्तवाहिनीतून वाहत जात होत्या, जखमेच्या जवळून जात होत्या, पण भिंतीला घट्ट चिकटून थांबता येत नसल्याने बाहेर उतरू शकत नव्हत्या. आजार दुर्मीळ आहे. अस्थिमज्जा बदलल्याने तो बरा होऊ शकतो. बाळाला पुढच्या उपचारांसाठी मोठ्या केंद्रात पाठवलं. त्याच्या आईचा चेहरा अजून आठवतो.

सुरूबन, तुमच्या सिस्टरने सांगितलेलं अगदी खरं. जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांच्या पाठीवरच्या उथळ जखमांवर दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी सुमारे दुप्पट वेगाने पसरते. खपली धरली की पेशींना कोरड्या थराच्या खालून, ओल शोधत, वाट काढावी लागते. आणि मेलेलं मांस आम्ही काढून टाकतो तेही यासाठीच, त्यावर पेशीची टाच बसत नाही. मधुमेहात रक्तपुरवठा आणि संवेदना दोन्ही कमी असतात, म्हणून घरी काही कापू नका, कुठलाही लेप लावू नका. वास, सूज, काळेपणा दिसला तर त्याच दिवशी दाखवा.

सत्तरीचा_पाऊस | बुधवार, सकाळी ११.१५

सिस्टरताई, तुमची पोस्ट वाचून काही वेळ शांत बसलो.

कुळागर, एक मुद्दा मांडतो. सगळं चालणं चिकटण्यावरच अवलंबून आहे असं वाचकांना वाटेल, आणि ते पूर्ण खरं नाही. 2008 मध्ये उंदरांच्या पांढऱ्या पेशींतली सगळी इंटिग्रिनं काढून टाकली तरी त्या ऊतींच्या आत, सगळ्या बाजूंनी वेढलेल्या जागेत, जवळपास पूर्ववत चालत राहिल्या. सपाट पृष्ठभागावर मात्र त्यांना चालता येईना.

दुसरं, सूक्ष्मनलिकांबद्दल कुणी बोललं नाही. आमच्याकडे पावसात कुंपणावर कळलावी फुलते, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी. तिच्यातलं कोल्चिसिन सूक्ष्मनलिका बनूच देत नाही. मग पेशी चालायची थांबते का?

कुळागर | बुधवार, रात्री ९.००

पहिला मुद्दा मान्य, माझ्याकडून राहिला. अरुंद बोळात दोन भिंतींना पाठ आणि पाय टेकून लहानपणी आपण वर चढायचो. भिंतीला काही चिकटवलेलं नसतं, दाबून धरलेलं असतं. पांढऱ्या पेशी ऊतींच्या जाळीत तशाच दाबून, आकार बदलत, वाट काढतात. सिस्टरताईंच्या बाळाच्या बाबतीत अडचण रक्तवाहिनीच्या भिंतीवर होती: तिथे वाहत्या रक्तात थांबायचं असतं, आणि थांबायला चिकटावंच लागतं. दोन्ही गोष्टी एकत्र बसतात. कातडीच्या पेशी मात्र जमिनीवर पसरून चालणाऱ्या. त्यांना चिकटस्थळांशिवाय गत्यंतर नाही. उलट एरवी त्या अर्ध-डेस्मोसोम नावाच्या पक्क्या खिळ्यांनी खाली ठोकलेल्या असतात, आणि जखमेच्या कडेला आधी ते खिळे उपटावे लागतात, तेव्हा कुठे निघता येतं.

कळलावीचं उत्तर पेशीनुसार बदलतं. तंतुजनक पेशीच्या सूक्ष्मनलिका मोडल्या तर तिला पुढचं-मागचं कळेनासं होतं, चहूबाजूंनी कड फडफडते आणि नीट वाटचाल होत नाही. माशाच्या खवल्यावरची पेशी मात्र बेफिकीर. ऑयटनॉयर आणि श्लिवा यांनी 1984 मध्ये दाखवलं की तिचे तुटलेले तुकडेसुद्धा, ज्यांत ना केंद्रक ना सूक्ष्मनलिका, एका दिशेने चालत राहतात. चालण्याचं यंत्र ॲक्टिन, मायोसिन आणि चिकटस्थळं एवढ्यावर भागवू शकतं. सूक्ष्मनलिका सुकाणूसारख्या. मागची चिकटस्थळं सोडवण्यातही त्यांचा हात असतो.

वाचकांना विनंती: कळलावी जहाल विषारी आहे, विशेषतः कंद. कोल्चिसिनचं औषध डॉक्टर मोजून देतात, झाडाच्या वाटेला कुणी जाऊ नये.

खडूफळा | गुरुवार, दुपारी ४.१०

खवल्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. हा प्रयोग आम्ही मुलांबरोबर केला आहे. टाकीतल्या जिवंत, गोड्या पाण्यातल्या माशाचा एक खवला चिमट्याने अलगद काढायचा (मासा लगेच पाण्यात सोडायचा, खवला पुन्हा येतो), काचेवर योग्य द्रावणाच्या थेंबात ठेवून वर पातळ काच. बाजारातल्या बर्फातल्या माशावर जमत नाही, आम्ही एकदा दिवस घालवला. काही तासांनी खवल्याच्या कडेतून पेशी बाहेर येतात. आकार विणलेल्या पंख्यासारखा, पुढे रुंद कमान आणि मागे गोल गाठ. फेज कॉन्ट्रास्ट (पारदर्शक पेशी ठळक दाखवणारी सोय) असलेला सूक्ष्मदर्शक हवा, 20 किंवा 40 ची भिंग पुरते. वेग मिनिटाला 10 ते 15 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) घरात, म्हणजे तीन-चार मिनिटांत पेशी स्वतःच्या रुंदीइतकी पुढे जाते. पोरं एरवी दोन मिनिटं बसत नाहीत. त्या दिवशी घंटा झाली तरी कुणी उठेना.

तंतुजनक पेशी याच्यापुढे फारच संथ. मिनिटाला अर्धा मायक्रॉन धरला तर दिवसाला पाऊण मिलिमीटरही होत नाही.

सुरूबन | शुक्रवार, रात्री ८.५०

सगळं बाबांना वाचून दाखवलं, दोन रात्री लागल्या. दोर गुंडाळण्याच्या ठिकाणी "बरोबर विचारलंन" म्हणाले. बाळाची गोष्ट ऐकून बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी एक प्रश्न काढला, तो जसाच्या तसा लिहिते: "रापणीला एक जण आवाज देतो, त्या आवाजावर सगळे एकदम ओढतात. तिथे आवाज कोण देतो? आणि पुढची बाजू कुठली हे त्यांना कोण सांगतो?"

कुळागर | शुक्रवार, रात्री १०.३०

बाबांना माझा नमस्कार सांगा. हा प्रश्न लंडनमध्ये ॲलन हॉल आणि ॲन रिडली यांनी सोडवायला घेतला होता. रो आणि रॅक या दोन लहान प्रथिनांवर त्यांनी 1992 मध्ये काम छापलं. ही प्रथिनं बटणासारखी, कधी चालू कधी बंद. रॅक चालू झालं की पातळ पदर फुटतो. रो चालू झालं की ॲक्टिनच्या जाड दोऱ्या वळल्या जातात, चिकटस्थळं पक्की होतात आणि ओढ सुरू होते. चालणाऱ्या पेशीत साधारणपणे पुढे रॅकचा जोर, मागच्या ओढीत रोचा.

पुढची बाजू ठरते ती बाहेरच्या खुणांवरून. जखम झाल्यावर तिथून रासायनिक निरोप सुटतात आणि ज्या बाजूने निरोप दाट येतो तिकडचं रॅक जागं होतं. कातडीच्या कडेच्या पेशीला आणखी एक सोपी खूण असते: तीन बाजूंना शेजारीण आहे, एका बाजूला नाही. मोकळ्या बाजूला पदर फुटतो. सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज देणारा एक जण तिथे नाही. प्रत्येक पेशी शेजारणीची ओढ अंगावर घेते आणि तिच्याशी जुळवून ओढते.

सुरूबन | शनिवार, सायंकाळी ७.१५

सांगितलं. म्हणाले, "म्हणजे अंधारात ओढल्यासारखं. रात्रीच्या रापणीला दोराच्या ताणावरूनच कळतं बाजूचा ओढतोय का."

आज पट्टी उघडली तेव्हा सिस्टरने दिलेली कागदी पट्टी लावून मोजलं. गेल्या शनिवारी रुंद बाजूला 14 मिलिमीटर होतं, आज 11. गुलाबी पदर आत आलेला आहे. बाबांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि ओलं फडकं नीट घाल म्हणाले. सगळ्यांचे मनापासून आभार, देव बरें करूं.